जाहिरातीला कसं कळलं?



गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. थर्ड इयरचा सेमिनार. माझा विषय 'ठिबक सिंचनासाठी सेन्सरचा वापर'. पाच-सहा स्लाईड झाल्या, सरांनी मान डोलावली, मला जरा जोर चढला. म्हटलं, मराठवाड्यातल्या पावसाची एक बातमी दाखवू. लॅपटॉपवर एका मराठी वर्तमानपत्राचं पान उघडलं, आणि बातमीच्या आधी प्रोजेक्टरवर दोन फूट उंचीची जाहिरात झळकली : 'फक्त आधार कार्डवर ५ मिनिटांत ५०,००० रुपये. आजच अर्ज करा.' तिच्याखाली दुसरी, तिच्याही खाली तिसरी, सगळ्या कर्जाच्याच!

वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "काय रे, सावकार शोधायलास का?" मीही हसलो. पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. कारण मी खरंच सावकार शोधत होतो.

सप्टेंबर २०२५ चा पाऊस आपल्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. सिंदफणेच्या काठाला आमचं चार एकर रान. कापूस आणि सोयाबीन दोन्ही पाण्याखाली गेलं. घरून फोनवर आण्णा म्हणायचे, "तू अभ्यासाकडं बघ, हिकडचं आम्ही बघतो." इकडं मेसचं दोन महिन्यांचं बिल थकलेलं आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिलेला. ही गोष्ट मी रूममेटला सांगितली नव्हती. एका रात्री सगळे झोपल्यावर पांघरुणात तोंड घालून मोबाईलवर शोधलं : 'विद्यार्थ्यांना लगेच कर्ज'. दोन-तीन साइट पाहिल्या, हप्ता मोजायचं एक छोटं अ‍ॅप उतरवलं आणि झोपलो. बस्स, एवढंच.

मग जाहिरातीला कसं कळलं? तेही लॅपटॉपवर, जिथं मी हे शोधलंच नव्हतं?

संगणक शाखेचा विद्यार्थी असून मला याचं धड उत्तर देता येईना, याची लाज त्या हसण्यापेक्षा जास्त वाटली. त्यानंतर जे वाचलं, करून पाहिलं आणि (पुढे सांगतो) ठेच लागून शिकलो, ते या लेखात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा, उत्तर एकच : "फोन आपलं बोलणं ऐकतो." भिंतीला कान असतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यामुळे ते पटकन पटतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. गुपचूप मायक्रोफोन चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच : काही अ‍ॅप वापरणाऱ्याच्या स्क्रीनचं चित्रण करून तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. ऐकायची गरजच काय? आपण दिवसभर बोटांनी जे बोलतो, ते ऐकण्यापेक्षा जास्त स्पष्ट आणि साठवायला सोपं असतं.

आता त्या रात्री मी मागे काय काय सोडलं ते पाहू.

पहिली गोष्ट कुकी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनिअरने ती तयार केली. हेतू साधा होता. वेबसाइटला स्मरणशक्ती नसते. तुम्ही एका पानावर वस्तू निवडली आणि दुसऱ्या पानावर गेलात की ती तुम्हाला विसरते. म्हणून तुमच्याच ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या वेळी ती वाचून ओळखायचं. आमच्या गावच्या किराणा दुकानात आण्णांच्या नावाची उधारीची वही आहे. साखर किती, चहापत्ती किती, पोळ्याला गूळ किती, सगळं त्यात. दुकानदाराला आमच्या घरातलं बरंच काही त्या वहीवरून कळत असणार. पण ती वही त्याच्या गल्ल्यात राहते. यात काही गैर नाही.

गैर पुढे सुरू होतं. कल्पना करा, माजलगावच्या बाजारात किराणा, मेडिकल, कापडाचं दुकान, कृषी सेवा केंद्र, झेरॉक्सवाला अशा प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकच माणूस वही घेऊन बसला आहे. तो ना दुकानदार, ना गिऱ्हाईक. दुकानदाराने त्याला कोपरा भाड्याने दिला आहे. तुम्ही मेडिकलमध्ये कोणती गोळी घेतली, कृषी केंद्रात किती उधारी केली, झेरॉक्सच्या दुकानात कोणत्या कागदाच्या प्रती काढल्या हे तो टिपतो आणि संध्याकाळी सगळी पानं एकत्र लावतो. दुकानदाराला फक्त आपल्या दुकानातलं माहीत, याला सगळ्या बाजाराचं. या कोपऱ्यातल्या माणसाच्या चिठ्ठीला 'थर्ड पार्टी कुकी' म्हणतात. मी वर्तमानपत्र उघडलं ते वर्तमानपत्राच्या साइटवर, पण त्या पानावर जाहिरातीची जागा भरणाऱ्या डझनभर कंपन्यांचे तुकडे होते. त्यांच्यातले काही कर्जाच्या साइटवरही बसलेले होते. या धंद्यातली जुनी कंपनी डबलक्लिक. ती गूगलने ३१० कोटी डॉलरला घेतली, २००७ मध्ये सौदा जाहीर झाला आणि २००८ मध्ये पूर्ण. नुसत्या चिठ्ठ्यांच्या धंद्याला एवढी किंमत कोण देईल, यावरून चिठ्ठीची किंमत समजून घ्या.

सफारीने मार्च २०२० पासून या परक्या चिठ्ठ्या सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ पासून त्यांना आवर घातला आणि २०२२ मध्ये प्रत्येक साइटची बरणी वेगळी केली. क्रोमनेही २०२० मध्ये 'दोन वर्षांत बंद करू' म्हटलं, मग तारीख पुढे, आणखी पुढे (आपल्या जर्नल सबमिशनसारखी), आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. आपल्यातले बहुतेक जण कोणता ब्राउझर वापरतात ते वेगळं सांगायला नको. क्रोम बनवणारी कंपनी आणि जाहिरातींचा सर्वांत मोठा धंदा करणारी कंपनी एकच आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

दुसरा माग मोबाईलचा. नेकनूरच्या बाजारात हल्ली जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो, त्यावर १२ आकडी नंबर. बैल कुणाच्याही दावणीला गेला तरी नंबर तोच. आपल्या अँड्रॉइड फोनमध्येही असाच बिल्ला मारलेला असतो, त्याला 'अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' म्हणतात. हप्ता मोजायच्या त्या अ‍ॅपला माझं नाव, गाव काही माहीत नव्हतं. पण 'या बिल्ल्याचा माणूस कर्जाचा हप्ता मोजतोय' एवढं त्याला पुढे कळवता येतं, आणि फुकटच्या अ‍ॅपचं पोट त्यावरच भरतं. 'नाव कुठे आहे त्यात?' असं कंपन्या नेहमी म्हणतात. नाव नसलं तरी माणूस सापडतो. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल कंपनीने साडेसहा लाख लोकांनी केलेले सुमारे २ कोटी शोध संशोधनासाठी म्हणून जाहीर केले. नावं काढून टाकली होती, प्रत्येकाला नुसता नंबर. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी त्यातल्या एका नंबरवरून जॉर्जिया राज्यातल्या एका वृद्ध बाईंचं घर शोधून काढलं. बाईंनी आपल्या गावातल्या गोष्टी, आपलं आडनाव आणि आपली दुखणी शोधली होती, एवढंच.

तिसरा माग म्हणजे लॉगिन. फोनवर आणि लॅपटॉपवर माझा जीमेल एकच. त्यामुळे पांघरुणातला शोध सेमिनार हॉलमध्ये पोचायला काहीच अडचण नव्हती.

चौथा आपल्या हॉस्टेलच्या वायफायचा. बाहेरच्या जगाला आपल्या सगळ्या खोल्या मिळून एकच आयपी पत्ता दिसतो. कंपन्या एका पत्त्यावरच्या फोनना एका घरचे समजून जाहिराती फिरवू शकतात. 'मी नुसतं बोललो आणि जाहिरात आली' यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथं असावं असं माझं मत आहे : तुम्ही बुलेटबद्दल बोललात, रूममेटने ती शोधली, जाहिरात दोघांना.

आणि चिठ्ठी, बिल्ला सगळं काढलं तरी ब्राउझरची ठेवण उरते. स्क्रीनचा आकार, फाँट, भाषा, ब्राउझरची आवृत्ती हे सगळं मिळून जवळजवळ बोटाचा ठसाच होतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, त्यांतले ८३ टक्क्यांहून जास्त इतर कुणाशीही न जुळणारे निघाले.

आता हर्राशी. मोंढ्यात मालाचा ढीग पडला की आडते भोवती उभे राहतात, बोली चढते, जास्त बोलीवाला माल उचलतो. मी वर्तमानपत्राचं पान उघडलं आणि पान दिसायच्या आत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, माझी अशीच हर्राशी झाली. 'वय अंदाजे वीस, पुरुष, मराठी वाचतो, बीड जिल्हा, कर्ज शोधतोय' असा ढीग मांडला गेला, बोली लागल्या, जिंकणाऱ्याची जाहिरात पानावर आली. यात वाईट भाग असा, की जो बोली हरला त्यालाही ढीग बघायला मिळतोच. मोंढ्यात निदान आपल्याला भाव तरी ऐकू येतो.

हे नुसतं पुस्तकी वाटू नये म्हणून आम्ही खोलीत एक प्रयोग केला. चार फोन, एकच बातमीचं पान, एकाच वेळी उघडलं. माझ्या फोनवर कर्ज. दुसऱ्याच्या फोनवर स्पर्धा परीक्षेचा क्लास. तिसऱ्याच्या फोनवर ट्रॅक्टर, कारण तो सुट्टीत वडिलांसाठी जुना ट्रॅक्टर बघत होता. चौथ्याने फोन पटकन उलटा ठेवला आणि 'माझं नेट चालत नाही' म्हणाला. आम्ही हसलो नाही. नुकताच माझा प्रोजेक्टर झाला होता ना.

आता ठेच.

हा भाग लिहावा की नको, यावर मी बरेच दिवस विचार केला. सेमिनारनंतर ती जाहिरात माझ्यामागे लागली. बातमीत, क्रिकेटच्या स्कोअरमध्ये, गाण्याच्या व्हिडिओआधी. पहिल्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशी सवय झाली. चौथ्या दिवशी मेसवाल्या काकांनी "बघा बरं का बिलाचं" असं साध्या आवाजात म्हटलं आणि त्या रात्री मी जाहिरातीवर बोट ठेवलं. अ‍ॅप उतरलं. त्याने विचारलं : कॉन्टॅक्ट्सची परवानगी? हो. फोटो? हो. लोकेशन? हो. आपण 'अलाऊ' हे बटण वाचत नाही, ते रस्त्यातल्या स्पीडब्रेकरसारखं ओलांडतो. १२ हजार मंजूर झाले, 'प्रोसेसिंग' कापून हातात आले ७ हजार २००, आणि सात दिवसांत १२ हजार परत करायचे. मी गणितात कच्चा नाही. पण अडचणीतल्या माणसाचं गणित वेगळं असतं.

सहाव्या दिवशी, म्हणजे मुदतीच्याही आधी, धारूरच्या मामांना फोन गेला : "तुमचा भाचा चोर आहे." मग मावशीला, मेसवाल्या काकांना, एका वर्गमैत्रिणीला, शेवटी आमच्या प्रोजेक्ट गाइड सरांना. माझ्या फोनमधली चारशे नावं त्यांच्याकडे होती. माझ्या फोटोवर घाणेरडा मजकूर लिहून तो पाठवायची धमकी आली. दोन दिवस मी खोलीबाहेर पडलो नाही.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, आता संपलं. सरांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आधी मोबाईल दे. स्क्रीनशॉट काढलेस का?" मग त्यांनी बसवून १९३० या हेल्पलाइनला फोन लावायला लावला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरून घेतली, रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही टाकली, आणि माझ्या सगळ्या नातेवाइकांना एक मेसेज पाठवायला सांगितला : 'माझा नंबर चोरीला गेला आहे, असा फोन आल्यास बोलू नका, पैसे देऊ नका.' हा शेवटचा उपाय सगळ्यात जास्त लागू पडला. धमकीची सगळी ताकद लपवण्यात होती, मी स्वतःच सांगून टाकल्यावर त्यांच्याकडे विकायला काही उरलं नाही. दोन-अडीच आठवड्यांत फोन थांबले.

आण्णांना मी स्वतः सांगितलं, मामांनी सांगायच्या आत. बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आरं लेकरा, पैसं नव्हतं माझ्याकडं, पण माणसं तर व्हती की. मला एक फोन नव्हता का लावायचा?"

नंतर कळलं ते असं, की यातलं बरंच काही आधीच नियमबाह्य होतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या : कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधले कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो-फाइल यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन फक्त केवायसीपुरतं, तेही एकदाच आणि विचारून. गूगल प्लेनेही २०२३ मध्ये वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना फोटो आणि कॉन्टॅक्ट्स घ्यायला बंदी केली. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बँका आणि वित्तसंस्थांशी जोडलेल्या कर्ज-अ‍ॅपची यादीही आहे. मी यादी बघितली असती तर? पण यादी आपल्याला शोधत येत नाही, जाहिरात येते. आणि ती आली तेव्हा तिला माहीत होतं की हा माणूस रात्री बारानंतर कर्ज शोधतो.

"माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मला काय फरक पडतो?" असं म्हणणारे मित्र आहेत. मीही त्यांतलाच होतो. आपल्या जिल्ह्यातली किती मुलं एमपीएससी करतात ते सांगायला नको. एप्रिल २०२३ मध्ये गट ब आणि गट क च्या संयुक्त पूर्वपरीक्षेच्या आठवडाभर आधी ९४,१९५ उमेदवारांची प्रवेशपत्रं एका टेलिग्राम चॅनेलवर पडली. प्रश्नपत्रिका फुटलेली नाही असं आयोगाने स्पष्ट केलं, ३० एप्रिलला परीक्षा झाली. नवी मुंबई पोलिसांनी या प्रकरणात पुण्यातल्या एका १९ वर्षांच्या मुलाला अटक केली, तो सायबर विषयच शिकत होता. त्या उमेदवारांनी काही लपवलं नव्हतं, उलट आयोगाने मागितली ती माहिती प्रामाणिकपणे भरली होती. माहिती एका ठिकाणी साठली की ती तिथंच राहील याची हमी माहिती देणाऱ्याच्या हातात नसते.

मुलींच्या वसतिगृहासाठी एक वेगळी गोष्ट. पाळीच्या तारखा ठेवणारी अ‍ॅप बऱ्याच जणी वापरतात. त्यातल्या 'फ्लो' नावाच्या अ‍ॅपवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये कारवाई केली, कारण ते आरोग्याची ही माहिती फेसबुक, गूगल वगैरेंच्या विश्लेषण सेवांना कळवत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने याच प्रकरणात मेटा कंपनीला दोषी धरलं. तारखा वहीत लिहिल्या तरी चालतात, आणि वही हर्राशीला जात नाही.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खटला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांचा. प्रमुख निकाल लिहिणारे धनंजय चंद्रचूड आणि स्वतंत्र निकाल लिहिणाऱ्यांपैकी नागपूरचे शरद बोबडे, दोघेही आपले मराठी. आणीबाणीतल्या १९७६ च्या ज्या निकालात वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते, तो चुकीचा होता असं मुलाने याच निकालात लिहिलं. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि त्यांतही कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत. फर्स्ट इयरवाल्यांसाठी यात एक कामाचं कलम आहे : १८ वर्षांखालच्यांच्या वागण्याचा माग काढायला आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई. तुमच्यातले कितीतरी जण हॉस्टेलला आले तेव्हा सतराचे होते. पण त्यासाठी जन्मतारीख खरी टाकावी लागते, आणि आपण तर सातवीतच १९९५ साली जन्मलो असं टाकून खातं उघडलेलं असतं!

आता करायचं काय, ते सांगतो. मी स्वतः केलं तेवढंच सांगतो.

सगळ्यात आधी बिल्ला काढा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात 'अ‍ॅड्स', त्यात 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी'. नंतर कुठल्याही अ‍ॅपने नंबर मागितला की त्याला नुसती शून्यं मिळतात. अर्धं मिनिट लागतं, कुठलंही अ‍ॅप बंद पडत नाही. मग गूगल खात्यातलं 'माय अ‍ॅड सेंटर' उघडा. तिथं तुमच्याबद्दल काय अंदाज बांधलेत ते दिसतं. माझ्या पानावर शिक्षण, राहतं घर आणि वैवाहिक स्थिती यांचे अंदाज होते, आणि विषयांच्या यादीत कर्ज, कापूस बियाणं आणि का कोण जाणे, विवाहस्थळं! तिथंच वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात. जाहिराती कमी होत नाहीत हे सांगून ठेवतो, फक्त त्या तुमच्याकडे बघून येत नाहीत. 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं लावता येतं, किंवा बंदच करता येते.

परवानग्या महिन्यातून एकदा तपासा. टॉर्चला लोकेशन कशाला हवं? २०१३ मध्ये अमेरिकेत असंच एक लोकप्रिय टॉर्च अ‍ॅप पकडलं गेलं, ते लोकांचं ठिकाण आणि फोनचा ओळख-क्रमांक जाहिरात कंपन्यांना पाठवत होतं. बॅटरीचा उजेड आपल्या पायाखाली पडतो की आपल्या तोंडावर, हे बघायला नको का?

ब्राउझर बदला. फायरफॉक्स मोबाईलवरही 'यूब्लॉक ओरिजिन' घेतो. क्रोमने ते मूळ एक्स्टेन्शन बंद पाडलं आहे, तिथं त्याची हलकी आवृत्ती मिळते. यामुळे पानं लवकर उघडतात, म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या वायफायवर दुहेरी फायदा. कुकीची पाटी आली की 'अ‍ॅक्सेप्ट ऑल'च्या शेजारी बारीक अक्षरात नकार असतो, तो शोधा.

इन्कॉग्निटोवर फार भरवसा नको. त्याने आपल्याच फोनमधला इतिहास राहत नाही, इतकंच. वेबसाइट, इंटरनेट कंपनी आणि कॉलेजचं नेटवर्क यांच्यापासून ते काही लपवत नाही. इन्कॉग्निटोतही माहिती गोळा होते म्हणून अमेरिकेत गूगलवर दावा झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीला अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल करावं लागलं. कॉलेजच्या वायफायवर सहसा कोणती साइट उघडली ते दिसतं, तिच्यातलं पान किंवा मेसेज दिसत नाही. सिस्टिम अ‍ॅडमिन सर, हे वाचत असाल तर राग मानू नका.

फुकट व्हीपीएन मात्र नकोच. फेसबुकने २०१३ मध्ये 'ओनावो' नावाची कंपनी घेतली. तिचं व्हीपीएन लोक सुरक्षित म्हणून वापरत आणि कोण कोणतं अ‍ॅप किती वेळ वापरतो ते फेसबुकला त्यातून कळे. ते २०१९ मध्ये बंद झालं. अँटिव्हायरसचंही तसंच : अ‍ॅव्हास्टला २०२४ मध्ये लोकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लागले. राखणदारच वाड्यातलं धान्य विकत होता.

आणि इंटरनेटबाहेरचं एक. स्कॉलरशिपचे फॉर्म भरताना नेट कॅफेतल्या संगणकावर आधारची पीडीएफ डाउनलोड करून तशीच सोडणारे आपल्यात खूप आहेत. डेस्कटॉपवर मागच्या वीस जणांची आधार कार्डं ओळीने पडलेली मी स्वतः पाहिली आहेत. निघताना फाइल पुसा, रिसायकल बिनमधूनही, आणि चालत असेल तिथं पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आण्णांचा फोन घेतला. त्यात तर भजनाचं अ‍ॅप लोकेशन मागून बसलं होतं आणि पंचांगाचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स. एकेक बंद करत गेलो, बिल्ला काढला, कोपऱ्यातल्या वहीवाल्याची गोष्ट सांगितली. आण्णा ऐकत होते. किराणा दुकानात आमची उधारी अजून फिटलेली नाही. त्यांनी विचारलं, "म्हंजी आपली ही वही कुणाच्या घरी असती मग?"

मी म्हटलं, बऱ्याच जणांच्या.

शनिवारी रात्री मेसनंतर मी खोलीतच असतो. ज्यांना फोन साफ करून हवा असेल त्यांनी या, दहा मिनिटांचं काम आहे. स्क्रीन तुमची तुम्हीच बघायची, मी फक्त कुठं दाबायचं ते सांगेन. आणि कुणाला सध्या तसले फोन येत असतील तर शनिवारची वाट बघू नका, रात्री-अपरात्री दार वाजवलं तरी चालेल.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी, मुलांचे वसतिगृह)